कठड्यावरचा घेवडा

वहिनी, आज जे सांगणार आहे ते तुमच्या हयातीत सांगायचं मी टाळलं. विसरलो नव्हतो, आणि संधी मिळाली नाही असंही नाही. दर भोगीला तुमच्या हातची भाजी खाताना ते घशाशी यायचं आणि भाकरीच्या घासाबरोबर मी ते खाली ढकलायचो. तुम्ही गेल्यानंतरची पहिली भोगी काल झाली. काल पहिल्यांदा घास सुखानं उतरला. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

तेराव्याला सगळे तुमच्याबद्दल बोलले. कुणी तुमच्या पुरणपोळीबद्दल, कुणी गणपतीच्या आरासीबद्दल. माझी पाळी आली तेव्हा मी नुसता हात जोडून बसलो. लोकांना वाटलं, भाऊजींना भरून आलंय. भरून आलं होतंच, पण तोंड मिटलं होतं ते दुसऱ्याच कारणानं. तुमच्याबद्दल काहीही बोलायचं तर आधी घेवड्याबद्दल बोलायला हवं होतं.

सरोजिनी नगरचं आपलं क्वार्टर आठवतं ना? दादाला तळमजला मिळाला म्हणून सगळे नाक मुरडत होते. डास येतात, शेजारची मुलं चेंडू मागायला येतात. तुम्ही मात्र आत सामान ठेवायच्या आधी पुढच्या तुकड्यातली माती मुठीत घेऊन पाहिली होती. मी नुकताच नोकरीला लागून तुमच्याकडे राहायला आलो होतो. मला वाटलं, नवी नवरी जरा विचित्रच आहे. मग तुम्ही ट्रंकेतून एक डबी काढलीत. माहेरच्या परसातल्या घेवड्याचं बी. वाईजवळच्या तुमच्या गावाहून ते लुगड्यांच्या घडीत दिल्लीला आलं होतं.

आषाढात तुम्ही खड्डे खणायला मला बसवायचात. “भाऊजी, फायली उपसता तसं नुसतं वरवर नको, खोल जाऊ द्या.” खाली गवळ्याकडचं शेणखत, वर माती, मध्ये भिजवलेलं बी. वेल हातभर झाला की सुतळ्या बांधायच्या, त्या थेट वरच्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्याला. त्यासाठी वर जाऊन चोप्राभाभींची परवानगी काढली तीही तुम्हीच, तुमच्या त्या हिंदीत. “भाभी, हमारा वेल आपके कठडे को बांधेगा, चलेगा?” भाभी दोन वेळा “क्या बांधोगे?” म्हणाल्या आणि मग पोट धरून हसल्या. तुमचा करार तिथेच झाला. कठड्याच्या खालच्या शेंगा आपल्या, वरच्या त्यांच्या. त्या त्याला सेम म्हणत आणि बटाट्याबरोबर परतत. तुम्हाला ते बघवत नसे. “बटाट्यात घालायची का ही शेंग? रेशमाचं पायपुसणं केल्यासारखं आहे.”

नवरात्र सरलं की जांभळी फुलं यायची. मग काळा मावा पडायचा कोवळ्या शेंड्यांवर, आणि तुम्ही शेगडीची राख फडक्यात बांधून झटकत फिरायचात. थंडी पडली की शेंगा. पोपटी, चपट्या, कडेला जांभळी रेघ ओढल्यासारख्या. सकाळी धुकं जरा वर गेलं की शाल गुंडाळून तुम्ही बाहेर. वेल ओढायचा नाही, देठ नखानं खुडायचा. रोज खुडायचा, नाहीतर वेलाला वाटतं आपलं काम झालं, आणि तो फुलायचं थांबतो. हे सगळं मला तुम्ही शिकवलंत, तेही टोमणे मारत.

आपला वाद आठवतो? मला दाणा भरलेली शेंग आवडायची. तुम्हाला अगदी कोवळी, दाणा आत नुसता जाणवतो न जाणवतो तेवढीच.

“दाणा नाही तर खायचं काय, वहिनी? साल?”

“दाणा हवा तर वाल खा. घेवडा वाकवला की काटकन मोडला पाहिजे आणि शीर निघता कामा नये. शीर निघाली की तो घेवडा म्हातारा.”

“थोडं वय झालेलं वाईट असतं का?”

“तुमच्या दादांना विचारा.”

दादा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, “मला यात ओढू नका.” हा वाद कधी मिटला नाही. आता सांगतो, तुमचंच बरोबर होतं. माझे दात गेले तेव्हा मला ते पटलं, पण कबूल करायला मी तेव्हाही आलो नाही.

आता मुद्द्यावर येतो. बघा, अजूनही टाळतोच आहे.

बियाण्याच्या शेंगा तुम्ही वर ठेवायचात, भाभींच्या गॅलरीत. तिथे ऊन चांगलं, भिंतीची ऊब, मुलांचे हात पोचत नाहीत. संक्रांतीच्या आधी वर जाऊन चांगल्या भरतील अशा शेंगा निवडायच्या आणि देठाला लाल धागा बांधायचा. धागा बांधलेल्या शेंगेला कुणी हात लावायचा नाही. होळीपर्यंत त्या वेलावरच वाळायच्या आणि मग डबीत जायच्या. भाभी त्यांची राखण करायच्या. कावळा बसला तर लाटणं घेऊन धावायच्या. “तेरी भाभी का खजाना है,” मला सांगायच्या.

त्या वर्षी डबीत ठेवलेल्या जुन्या बियाण्याला भुंगा लागला होता. तुम्ही ते चाळून, फेकून दिलंत आणि म्हणालात, “आता वरच्या शेंगांवरच भिस्त.” मी ते ऐकलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण मला माहीत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

त्याच थंडीत पहाडगंजात सुधाच्या घरी माझं जाणं-येणं सुरू झालं होतं. तुम्हाला ते माहीत नव्हतं. तिच्या आईचं मन माझ्यावर बसत नव्हतं. भावाच्या क्वार्टरमध्ये राहणारा मुलगा, स्वतःचं काय आहे याच्याकडे? त्या एकदा म्हणाल्या की दिल्लीत भोगीच्या भाजीला आपल्याकडचा घेवडा मिळत नाही, बाजारातली सेम घालून नुसती समजूत काढायची. मी ऐटीत बोलून गेलो, “आमच्या घरचा आणून देतो. भोगीला सकाळी.”

भोगीच्या आधी दोन रात्री असा गारठा पडला की खालचा सगळा वेल करपला. पानं उकडल्यासारखी काळी झाली. हिरव्या राहिल्या त्या फक्त वरच्या, भिंतीच्या उबेला असलेल्या, धाग्याच्या. त्या तेव्हा अगदी कोवळ्या होत्या, तुम्हाला आवडतात तशा.

मी तुम्हाला सांगायला हवं होतं. “वहिनी, एक मुलगी आहे,” एवढंच म्हटलं असतं तरी पुढचं सगळं तुम्ही केलं असतंत. बाजार पालथा घालून काहीतरी आणलं असतंत, स्वतः पहाडगंजला आला असतात. पण मला लाज वाटली. आणि शेंगा तुम्ही दिल्या नसत्यात, हेही मला ठाऊक होतं. भोगीच्या सकाळी तुम्ही आत तीळ भाजत होतात. भाभींची वाटी परत द्यायच्या निमित्तानं मी वर गेलो. “बैठ छोटे, चाय पी के जा,” म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी गॅलरीत गेलो आणि देठ नखानं खुडले. तुम्ही शिकवलं होतं तसेच. वेल जराही ओढला नाही. कोटाच्या दोन्ही खिशांत शेंगा भरून मी भाभींचा चहा प्यायलो.

सुधाची आई शेंगा मोडताना म्हणाली, “अगं, किती कोवळ्या! काटकन मोडतात.” सुधा शेजारी बसून निवडत होती. तिच्या बोटांना एक लाल धागा लागला, मग दुसरा. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक, तिनं ते धागे मुठीत मिटले.

संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला तुम्ही वर गेलात आणि पाहिलंत. मी जिन्यात तुमच्या मागेच होतो.

“भाभी, हमारे धागेवाले शेंगा किधर गये?”

“हैं? वहीं होंगे, बहनजी.”

“नहीं है. एक भी नहीं है.”

भाभी गॅलरीत आल्या. रिकामे देठ पाहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. “मुझे नहीं पता,” त्या म्हणाल्या.

“आपके गॅलरी में था. आपको नहीं पता तो किसको पता?” तुमचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “मांगते तो मैं दूसरा देती थी. आलू में डालने को वही मिला?”

भाभी आत निघून गेल्या. आणि मी, वहिनी, जिन्यात उभा राहून कठड्याचा रंग खरवडत होतो.

संध्याकाळी त्यांनी रिवाजाप्रमाणे गाजरेल्याची, म्हणजे गाजराच्या हलव्याची, वाटी पाठवली. आपल्या दोन घरांत वाटी कधी रिकामी परत गेली नव्हती. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून जायची. त्या दिवशी तुम्ही गाजरेला ताटलीत काढून घेतलात, वाटी घासली, पुसली, आणि माझ्या हातात रिकामी दिलीत. “देऊन या.” मी दिली. भाभींनी आत पाहिलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी सुतळ्या कठड्यावरून कापून खाली पडल्या होत्या. दादा म्हणाला, “शेंगांवरून काय भांडता!” तुम्ही म्हणालात, “शेंगांवरून नाही. विश्वासानं ठेवल्या होत्या.”

ते वाक्य माझ्यासाठी होतं. पत्ता चुकून ते वरच्या मजल्यावर गेलं.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. माझं लग्न तुम्ही हौसेनं केलंत. जेवणाच्या पंगतीत सासूबाई तुम्हाला म्हणाल्या, “आमच्या जावईबापूंनी घेवड्यानं आम्हाला जिंकलं हो!” तुम्ही विचारलंत, “कोणत्या घेवड्यानं?” माझ्या हातातला जिलबीचा तुकडा तसाच राहिला. सुधा पदर सावरत म्हणाली, “बाजारातूनच आणला होता त्यांनी. आईला फरक कळत नाही.” नव्या नवरीनं दिलेली ती पहिली भेट मी मुकाट्यानं घेतली. त्यानंतर मात्र ती मला दर भोगीला एकच म्हणायची, “सांगून टाका.” मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.

माहेरच्या परसात खोल्या बांधल्या तेव्हा तिथला वेलही गेला. तुम्ही दर आषाढात बाजारातलं बी लावत राहिलात. पहिली शेंग मोडायचात आणि म्हणायचात, “ही ती नव्हे.” शेंगा गेल्या त्याच्या आदल्या वर्षीच तुम्ही भाभींना त्यांच्या बहिणीच्या अंगणासाठी मूठभर बी दिलं होतं. ते मागितलं असतं तर मिळालं असतं, पण “त्या घरातून बी मागणार नाही,” असं तुम्ही ठरवलंत. चोप्रा निवृत्त होऊन फरीदाबादला गेले तेव्हा तुम्ही दाराआडून त्यांचा ट्रक पाहिलात. मी तेही पाहिलं.

आता याहून अवघड गोष्ट. मी फरीदाबादला घर घेतलं, तेव्हा कळलं की भाभी पलीकडच्याच सेक्टरमध्ये राहतात. एका हिवाळ्यात त्यांच्या फाटकावर वेल दिसला. पोपटी शेंगा, कडेला जांभळी रेघ. मी स्कूटर थांबवली, पाहिलं आणि पुढे निघालो. त्यानंतर भाजी आणायला मी दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागलो. तुम्ही “ही ती नव्हे” म्हणत होतात आणि ‘ती’ माझ्या घरापासून सायकलनं जाण्याच्या अंतरावर होती. बियाणं जिवंत आहे एवढं सांगितलं तर पुढचंही सांगावं लागेल, म्हणून मी तेही सांगितलं नाही. शेंगा तोडल्या तेव्हा मी तरुण आणि मूर्ख होतो. हे केलं तेव्हा मी दोन्हीही नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात नोएडाला तुमच्या मुलाच्या फ्लॅटवर मी आलो होतो. इतक्या वरच्या मजल्यावरही तुम्ही सिमेंटच्या गोणीत माती भरून वेल लावला होतात. काठीच्या आधारानं उठलात, एक शेंग मोडून मला दाखवलीत. “बघा, शीर निघाली.” मी म्हटलं, “वहिनी, त्या शेंगा...” तुम्ही वळून विचारलंत, “कोणत्या हो, भाऊजी?” तुमचा चेहरा इतका स्वच्छ होता. “काही नाही,” मी म्हणालो. “चहा घेऊ या का?” आणि तुम्ही चहा टाकायला सुनेला हाक मारलीत.

तुम्ही गेलात. तेरावा झाला. घरी आल्यावर सुधा म्हणाली, “भाभींना कळवायला नको?” कुणीतरी खबर द्यायला हवीच होती. आम्ही दोघं गेलो. भाभी फाटकाशी खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या. नजर कमी झालीय, पण आवाज तोच.

“कौन? छोटे?” माझे केस पांढरे होऊन किती वर्षं झाली, तरी छोटेच. “आ गया तू?”

मी खबर सांगितली. त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली आणि वेलाकडे तोंड वळवलं. मग मी उभ्यानंच सांगितलं, सगळं. गॅलरी, कोटाचे खिसे, चहा. एका हातानं फाटक धरून ठेवलं होतं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बैठ जा, गिर जाएगा.”

“भाभीजी, आपको...”

“मुझे पता था. तेरे सिवा आया कौन था उस दिन? चाय मैंने ही तो पिलाई थी चोर को.”

“तो आपने बताया क्यों नहीं?”

“मैं बोलती तो उसके घर में आग लगती. देवर को बेटे की तरह रखती थी वो. मैंने सोचा लड़का है, डर गया है, दो दिन में खुद बोल देगा.” त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “तेरे दो दिन अब पूरे हुए?”

सुधा रडायला लागली. मी रडलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पुरता श्वास आला. रागावलेलं माणूस समोर बसून रागावतं, तेव्हा किती बरं वाटतं, हे मी विसरूनच गेलो होतो. त्यांनी मला भरपूर ऐकवलं. मग म्हणाल्या, “सेम का मुझे कुछ नहीं. पर उसने वाटी खाली भेजी थी.” ‘वाटी’ हा शब्द त्यांनी मराठीच वापरला, तुमच्याकडून उचललेला. “कभी मेरा नाम लिया उसने?”

आणि वहिनी, इथे मला खरं सांगण्यासारखं एक होतं. मी सांगितलं की नाव कधी घेतलं नाही. पण दर भोगीला भाजी झाली की तुम्ही फळीवरून एक वाटी काढायचात, भरायचात, जिन्याच्या दिशेनं वळायचात आणि थबकायचात. मग ती भाजी परत कढईत ओतायचात. सरोजिनी नगर सुटल्यावरही. नोएडातही, जिथे वर कुणी ओळखीचं नव्हतं. तुम्हाला वाटायचं कुणी पाहत नाही. मी दर वर्षी पाहत होतो.

भाभींनी वेलाकडे हात केला. सुधाला म्हणाल्या, “तोड़ ले, जितनी चाहिए.” मी पुढे झालो तर, “तू नहीं! तू हाथ पीछे रख.”

काल सुधानं तुमच्या पद्धतीनं भाजी केली. शेंगा हातानं मोडून, तीळ कुटून, बाजरीच्या भाकरीबरोबर. शीर निघाली नाही, वहिनी. तीच ती. जेवायच्या आधी वाटी भरून आम्ही भाभींकडे गेलो. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “आलू के बिना भी ठीक है.” हे कबूल करायला त्यांनाही एवढी वर्षं लागली. मग आत जाऊन, घासून पुसलेली वाटी त्यांनी स्वतःच्या हातानं भरून आणली आणि सुधाला दिली. वाटीत बी होतं. “ये बोने के हैं, खाने के नहीं. समझा दे अपने आदमी को.”

बी आता माझ्या टेबलावर आहे. आषाढात लावीन, खोल खणून. तुमचा मुलगाही नोएडाहून थोडं न्यायला येणार आहे. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका, बस इतनीसी बात?” पोरं दिल्लीची. मी हसलो, पण बात इतनीसी नव्हती. दोन बायका एकमेकींना वाटीभर भाजी पाठवल्यावाचून म्हाताऱ्या झाल्या. एकीला मी जाऊन सांगू शकलो. तिनं शिव्या दिल्या आणि बी दिलं. तुम्हीही तसंच केलं असतंत, आधी शिव्या, हे मला आता पक्कं कळलंय. म्हणूनच जास्त लागतं. नोएडाच्या गॅलरीत तुम्ही शेंग मोडून दाखवलीत आणि “कोणत्या हो, भाऊजी?” असं विचारलंत. मी चहाचं काढलं. चहा नको होता मला, वहिनी. मला म्हणायचं होतं:

धाग्याच्या शेंगा मी तोडल्या. भाभींनी हातही लावला नव्हता. माझं चुकलं.